सरकारवर प्रेम कसे करावे

बँकेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला प्रेमाविषयी लिहिण्याचा अधिकार नाही, असं आमच्या घरातलं एकमुखी मत आहे. पण एका प्रकारच्या प्रेमाचा मला दांडगा अनुभव आहे. ते म्हणजे कागदोपत्री प्रेम. थकबाकीदाराला जप्तीची नोटीस धाडताना आम्ही सुरुवात 'प्रिय महोदय' अशी करतो आणि शेवटी 'आपला विश्वासू' म्हणून सही ठोकतो. ज्याचा ट्रॅक्टर ओढून आणायचा, तोच प्रिय! आणि ज्याच्यावर आमचा काडीचा विश्वास उरलेला नाही, त्याचेच आम्ही विश्वासू! थकबाकीदारही काही कमी नसतो. तो उलट टपाली कळवतो, 'आपल्या बँकेचे उपकार सात जन्म फिटणार नाहीत.' कर्जही फिटणार नाही, एवढाच त्याचा मथितार्थ.

तरी हा सगळा राजीखुशीचा मामला. कोणी कोणाला प्रिय म्हणावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण आपल्याच देशात एक काळ असा होता, की सरकारवर प्रेम नसणं हाच मुळी गुन्हा होता. थट्टा करत नाही. इंग्रजांनी १८७० साली भारतीय दंडसंहितेत १२४-अ हे राजद्रोहाचं कलम घातलं. १८९७ साली त्या कलमाखाली टिळकांवर मुंबई हायकोर्टात खटला चालला. कायद्यात 'डिसअफेक्शन' असा एक शब्द होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ समजावून सांगितला, की डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीचा अभाव. झालं! लग्नाच्या सप्तपदीतसुद्धा इतकी कडक अट नाही. सात पावलं टाकली की सुटका. नंतर प्रीती आहे की नाही हे तपासायला ज्यूरी बसत नाही. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि पुढल्याच वर्षी, १८९८ च्या आरंभी, सरकारनं ते कलम दुरुस्त करून जास्तच आवळलं. बेइमानी आणि शत्रुत्वाच्या यच्चयावत भावना त्या एका शब्दाच्या पोटात कोंबण्यात आल्या.

आता विचार करा. टिळक तुरुंगात. पुण्यात आदल्याच वर्षीच्या प्लेगच्या आणि रँडच्या खुनाच्या आठवणी ताज्या. दामोदर चापेकर फासाच्या वाटेवर. सरकारवर प्रेम करा, नाहीतर आत चला, असा नवाकोरा कायदा. अशा मुहूर्तावर शहाणा माणूस फार तर पापडाचा कारखाना काढील. पण २५ मार्च १८९८ रोजी पुण्यात एका तेहतीस वर्षांच्या संस्कृतच्या एम. ए. नं साप्ताहिक काढलं, आणि त्याचं नाव ठेवलं 'काळ'. हे गृहस्थ म्हणजे शिवराम महादेव परांजपे. जन्म २७ जून १८६४, गाव महाड. शिक्षण महाड, रत्नागिरी आणि पुण्याला. धंदा काही वर्षं पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृत शिकवण्याचा.

कायदा म्हणतो प्रेम करा. शिवरामपंतांनी कायदा अक्षरशः पाळायचं ठरवलं. त्यांनी सरकारवर प्रेमाचा असा वर्षाव सुरू केला, की सरकार गुदमरून गेलं.

ही कथा पुण्याची. घनसावंगीत बसून बँकेच्या कारकुनानं ती का सांगावी, असं कोणी विचारील. तर त्याला कारण आहे. वाकड्या वाटेनं सरळ बोलणं ही आमच्या गावची मातृभाषा आहे. घनसावंगी हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इथून जवळच जांब, म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. विनोदाची आवड कोणाला असते याविषयी समर्थांचं मत फारसं अनुकूल नव्हतं, हे 'दासबोध' वाचलेल्यांना ठाऊक आहेच. पण समर्थ लहानपणीच गाव सोडून गेले आणि टवाळ तेवढे पंचक्रोशीत मागं राहिले, अशी माझी समजूत आहे.

पाऊस पडत नसला की आमच्याकडं कोणी 'पाऊस नाही' असं म्हणत नाही. 'औंदा लई झाला बघा पाऊस, छत्री घ्यायचा इचार करायलोय,' असं म्हणतात. रस्ता कसा आहे म्हणून विचारलं, तर 'झकास! खड्ड्याखड्ड्यांच्या मधे डांबरसुद्धा लागतं अधूनमधून,' असं उत्तर येतं. एकदा आमच्या शाखेत सकाळपासून संगणकाची लिंक गेलेली. एक आजोबा ठेवीची पावती घेऊन बाकावर बसलेले. मी म्हटलं, 'बाबा, जरा वेळ लागेल.' ते म्हणाले, 'सावकाश होऊ द्या साहेब. मुदत ठेवच हाय. मुदत संपेस्तोवर झालं तरी चालंल.' या वाक्याबद्दल कोणत्या नियमाखाली कारवाई करता येते, ते मला अठरा वर्षांच्या नोकरीत सापडलेलं नाही.

ही बोली उगाच तयार होत नाही. हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांचा कायदा तिकडं, निजामाचं फर्मान इकडं. १९२९ सालच्या 'गश्ती निशाण ५३' प्रमाणे सभा भरवायची तर आधी परवानगी काढावी लागे. मराठी माणसांची महाराष्ट्र परिषद शेजारच्या परतूरला १९३७ साली पहिल्यांदा भरली, तीही जपून, अंग चोरूनच. जिथं सभा घ्यायला परवानगी लागते, तिथं माणसं पारावर बसून पावसावर बोलू लागतात. आणि ते पावसावर बोलत नाहीत, हे पाटलापासून पोरापर्यंत सगळ्यांना कळत असतं. कळत नसतं ते फक्त ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्याला.

शिवरामपंतांनी हेच पारावरचं बोलणं उचललं आणि दर आठवड्याला छापलं. अर्थात ते संस्कृतचे पंडित. त्यांनी त्याला शास्त्राची इस्त्री केली. संस्कृत साहित्यशास्त्रात व्याजस्तुती नावाचा अलंकार आहे. वरून स्तुती, आतून निंदा. मी कॉमर्सचा पदवीधर. मला अलंकार सोन्याचेच कळतात, तेही तारण ठेवायला आले तर. म्हणून माझ्या भाषेत सांगतो. साध्या टीकाकाराची खतावणी सरळ असते. सरकारनं चूक केली की तो ती नावे टाकतो. शिवरामपंत तीच रक्कम जमेच्या बाजूला लिहीत. 'श्री सरकारकृपेने जमा' असं म्हणत, मोत्यासारख्या अक्षरात. मग बेरीज करायचं काम वाचकावर सोपवत. वाचक बेरीज करायला बसला की पहिल्या फटक्यात ताळा जुळत नसे. दुसऱ्यांदा बेरीज करताना त्याच्या ध्यानात येई, की सगळ्या रकमा उलट्या बाजूला आहेत. तो त्या मनातल्या मनात फिरवून घेई. आणि शिल्लक काय उरते हे पाहून त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येई.

यात गंमत अशी, की दोषारोपाचं वाक्य लिहिलं कोणी? शिवरामपंतांनी नाही. त्यांच्या कागदावर तर स्तुती आहे. ते वाक्य तयार झालं वाचकाच्या डोक्यात. म्हणजे राजद्रोह जर कोणी केला असेल, तर वर्गणीदारानं!

विषयही असे निवडायचे, की वरकरणी सरकारचा काही संबंधच नाही. कधी पुराणातली कथा, कधी परक्या देशाचा इतिहास, कधी आंब्याचं झाड, कधी खडी फोडणारा मजूर. पोलिसानं वाचलं तर म्हणेल, चांगलं आहे, झाडावर लिहितोय. पण खेड्यातल्या शाळामास्तरानं ते मोठ्यानं वाचलं, की ऐकणाऱ्यांच्या ध्यानात यायचं की हे झाड कोणाच्या अंगणातलं आणि कुऱ्हाड कोणाच्या हातात.

मला हे सगळं सांगितलं आमच्या गुरुजींनी. गुरुजी निवृत्त शिक्षक. मला त्यांनी शाळेत मराठी शिकवलं आणि मी कॉमर्सला गेलो म्हणून अजून माफ केलेलं नाही. त्यांच्याकडं 'काळातील निवडक निबंध' या मालेतला एक जुना भाग आहे, वाळवीनं समासापुरता वाचलेला. आणि त्या निबंधांची रीत मला नीट कळली ती आमच्याच शाखेतल्या एका प्रकरणामुळं.

झालं असं, की गुरुजींनी एकदा शाखेच्या नावे एक पत्र दिलं. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या शाखेत आलो की मन रमते. गेल्या सोमवारी सकाळी आलो तो दुपारपर्यंत रमलो. पुढे मंगळवारी उरलेले रमण्यासाठी पुन्हा यावे लागले. आपल्या कर्मचाऱ्यांच्या एकाग्रतेला तोड नाही. समोर माणूस उभा आहे याचाही त्यांना पत्ता लागत नाही. येथील पंखा वृद्धांच्या प्रकृतीला मानवतो, कारण त्याचा वारा लागत नाही. ही सेवा अशीच चालू राहिल्यास मृत्यूचे भय मला उरणार नाही.' त्या वेळी वरच्या कचेरीतून एक साहेब तपासणीला आले होते. ते परप्रांतातले. त्यांनी विचारलं, हे काय आहे? इंग्रजीत करून द्या. मी शब्दास शब्द लावून भाषांतर करून दिलं. मूळ मजकुराशी इतकं प्रामाणिक भाषांतर मी पुन्हा केलेलं नाही. साहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि 'ग्राहकांचे अभिप्राय' या फायलीत स्वहस्ते लावलं. महिनाभरात शाखेला अभिनंदनाचं पत्र आलं. मॅनेजरनी ते चौकटीत घालून भिंतीवर टांगलं.

गुरुजी पेन्शन घ्यायला आले, त्यांनी ते पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'अरे, मी शिवरामपंत नाही झालो ते नाही झालो; पण तुमचं वरचं सरकार मात्र हुबेहूब तेच आहे बघ!' आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वाळवीचा ग्रंथ माझ्या हवाली केला.

इंग्रज सरकारपुढं हीच अडचण होती. मुंबई सरकारच्या पदरी भाषांतरकारांचं एक खातंच होतं. देशी वर्तमानपत्रांत काय येतं, त्याचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला साहेबांच्या टेबलावर जाई. टिळकांचा अग्रलेख भाषांतरातही टिळकांचाच राहायचा, कारण तो सरळ होता. दगडाचं भाषांतर दगडच. पण वक्रोक्तीचं भाषांतर केलं की उरते नुसती उक्ती. वक्रपणा मूळ गावीच राहतो. 'काळ'मधली स्तुती इंग्रजीत गेली की स्तुतीच व्हायची. आणि ती निंदा आहे असं कोर्टात सिद्ध करायचं, तर आधी सरकारी वकिलानं उभं राहून कबूल करायला हवं, की आमच्या सरकारची इतकी स्तुती करणारा माणूस खरं बोलत असणं शक्यच नाही. 'काळ'वर खटला भरावा का, याचा विचार सरकारदरबारी एकापेक्षा अधिक वेळा झाला. दर वेळी फाईल मागं गेली. मराठीत म्हण आहे, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. ती म्हण या साप्ताहिकाला जितकी शब्दशः लागू पडली, तितकी दुसऱ्या कशालाही पडली नसेल.

हा खेळ शिवरामपंतांनी पहिल्यानं मांडला असं नाही. ज्या इंग्रजांना ते छळत होते, त्या इंग्रजांच्याच घरात तो दोनशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता. डॅनियल डिफो, ज्याची 'रॉबिन्सन क्रूसो' आपण शाळेत वाचली, तो मूळचा राजकीय पत्रकार. इंग्लंडात अधिकृत चर्च न मानणारे जे पंथ होते, त्यांतला तो एक. १७०२ साली त्यानं निनावी पत्रक काढलं आणि कट्टर चर्चवाल्यांचा आव आणून सुचवलं, की या बंडखोर पंथांना एकदाचं निपटून काढावं. चर्चवाले म्हणाले, वा, काय समंजस लेखक आहे! आणि डिफोचे स्वतःचे पंथबंधू घाबरून गारठले. कोणालाच थट्टा कळली नाही. कळली तेव्हा चर्चवाले इतके संतापले, की डिफोला पकडून १७०३ च्या जुलैत तीन वेळा भर चौकात खोड्यात उभं केलं. लोकांनी सडकी अंडी मारायच्या ऐवजी फुलं उधळली, अशी आख्यायिका आहे. पण त्यामुळं मान अडकायची राहिली नाही.

डिफोची आणि शिवरामपंतांची तुलना केली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. डिफोचा डाव फसला, कारण त्याच्या बाजूचा वाचक त्याच्या कटात सामील नव्हता. शिवरामपंतांचा वाचक पहिल्या अंकापासून सामील होता. वक्रोक्तीला भागीदार लागतो. ती संयुक्त खात्यासारखी आहे; दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. लिहिणाऱ्यानं अर्धं लिहायचं, वाचणाऱ्यानं अर्धं पुरं करायचं. दहा वर्षं महाराष्ट्रातल्या वाचकांनी ते अर्धं पुरं केलं. त्यांत नाशकाकडचा एक विद्यार्थी होता, विनायक दामोदर सावरकर; 'काळ'नं आपल्याला काय दिलं हे त्यानं पुढं स्वतः सांगितलं आहे. ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तिथं टिळकांबरोबर शिवरामपंतांचंही भाषण झालं. माणूस लेखणीइतकाच जिभेनंही तिखट होता.

मग १९०८ साल उजाडलं. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. ज्या न्यायाधीशावर तो टाकायचा होता तो वाचला, आणि दोन इंग्रज बायका गेल्या. सरकार हादरलं. ८ जूनला एकाच दिवशी दोन कायदे आले, एक स्फोटक द्रव्यांचा आणि एक वर्तमानपत्रांचा. सरकारच्या लेखी दोन्ही माल एकाच जातीचे! बॉम्बप्रकरणी 'काळ'नं जे लिहिलं, त्यावरून ११ जूनला शिवरामपंतांना अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या कामासाठी टिळक मुंबईला गेले, तर २४ जूनला सरदारगृहात खुद्द टिळकांनाच पकडलं. मित्राला जामीन राहायला गेलेल्या माणसाची स्वतःचीच जप्ती व्हावी, तसा हा प्रकार. आमच्या बँकेत हे नेहमी घडतं, पण आम्ही निदान आधी नोटीस देतो.

त्या वर्षी भाषांतराचा प्रश्न पुन्हा निघाला. टिळकांच्या खटल्यात नऊ जणांची ज्यूरी होती, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, ज्यूरी भाषांतरावर अवलंबून. आपल्या लेखांची भाषांतरं कशी चुकली आहेत, हे टिळक त्यांना तासन्‌तास समजावत राहिले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि २२ जुलैला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. शिवरामपंतांना त्याच महिन्यात एकोणीस महिन्यांची झाली होती. म्हणजे सरळ बोलणारा आणि वाकडं बोलणारा, दोघंही अखेर एकाच दाराशी पोचले. फक्त शिवरामपंत दहा वर्षं उशिरा पोचले.

माझ्या मते सगळं मर्म या दहा वर्षांत आहे. विनोद ही चिलखतासारखी वस्तू आहे, ती अंगात घातली की सरकार आपलं काही करू शकत नाही, असं पुष्कळ विनोदी लेखकांना वाटतं. शिवरामपंतांचा खातेउतारा पाहिला की कळतं, की ती फक्त मुदतवाढ आहे. कर्ज माफ होत नाही. हप्ता पुढं ढकलला जातो. आणि कोणत्याही मुदतवाढीविषयी आम्ही बँकवाले एकच प्रश्न विचारतो, की मिळालेल्या वेळात काय पिकवलंत? शिवरामपंतांनी दहा वर्षांत एका पिढीला ओळींच्या मधलं वाचायला शिकवलं. सरकारी परिपत्रक हातात आलं की त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधायची सवय लावली. हे पीक कोणाला जप्त करता आलं नाही.

१९०९ साली ते सुटून आले. १९१० साली नवा प्रेस कायदा आला आणि सरकारनं 'काळ'कडं जबर जामीन मागितला. जामीन या शब्दाचा अर्थ घनसावंगीत कोणाला समजावून सांगायला नको. बँक सोनं तारण मागते, जमीन तारण मागते. प्रेस कायद्यानं उद्याची वाक्यं तारण मागितली. आधी पैसे भरा; पुढं आम्हाला न आवडणारं काही छापलंत तर ते आम्ही खाऊ. शिवरामपंतांनी जीभ गहाण ठेवायचं नाकारलं आणि 'काळ' बंद झाला. बारा वर्षांचा जमाखर्च. निवडक निबंधांचे खंड निघाले, तर सरकारनं तेही जप्त केले. ज्या लेखांत सरकारची एवढी स्तुती, ते जप्त का करावेत, हे सरकारनं कधी स्पष्ट केलं नाही. ते स्पष्ट करता येण्यासारखं नव्हतंच.

कोणाला वाटेल, आता हा माणूस पेन्शनीत निघाला. १९२० साली, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी 'स्वराज्य' साप्ताहिक काढलं. मुळशीचं धरण व्हायचं होतं, मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जायची होती. सेनापती बापटांचा तो सत्याग्रह. १९२२ साली शिवरामपंत त्यात पडले आणि सहा महिने तुरुंगात जाऊन आले. आमच्या तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं, त्यावर ऊस उभा राहतो, आणि कर्जही. त्या पाण्याखाली कोणाची तरी गावं आहेत, याची आठवण उसाला नसते. शिवरामपंतांना मुळशीला ती होती. तिथं त्यांनी वक्रोक्ती वापरली नाही. सरळ जाऊन उभे राहिले. वाकडं बोलणाऱ्याला सरळ उभं राहता येतं का, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. त्याचं उत्तर हे असं आहे.

१९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला ते गेले.

त्यांच्यामागं ही परंपरा खंडली नाही, पण तिनं अंगरखा बदलला. १९१५ साली अच्युतराव कोल्हटकरांनी 'संदेश' काढून मराठी वर्तमानपत्राला खेळकर केलं. १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला. अत्र्यांनी व्याजस्तुतीची भानगड ठेवली नाही; ते सोटाच उगारायचे. त्यांना ते जमलं, कारण सरकार आपलं होतं आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की नुसत्या टीकेला राजद्रोह म्हणता येणार नाही, हिंसेला चिथावणी हवी. २०२२ च्या मे महिन्यात त्याच कोर्टानं कलम १२४-अ स्थगित ठेवलं, आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्यायसंहिता लागू झाल्यावर तो आकडाच इतिहासजमा झाला. राजद्रोह हा शब्द गेला. त्याचे काही नातेवाईक नव्या १५२ व्या कलमात मुक्कामाला आहेत, असं वकील मंडळी म्हणतात. मला वकिलीतलं कळत नाही. पण नावावरची जमीन वारसांकडे कशी जाते, हे मी रोज पाहतो.

गुरुजींचा तो ग्रंथ मी गेले काही महिने रात्री वाचतो आहे. खरं सांगायचं तर वाचन सोपं नाही. वाक्यं लांबलचक, संस्कृतचा थाट, आणि कुठल्या गव्हर्नराला चिमटा आहे, कुठल्या हुकमाची थट्टा आहे, ते सांगायला आज कोणी उरलेलं नाही. काही ठिकाणी तर मीही आमच्या त्या तपासणीच्या साहेबांसारखा चष्मा पुसत बसतो. मी गुरुजींना म्हटलं, 'काही काही विनोद शिळे झालेत हो.' गुरुजी म्हणाले, 'होणारच. ज्याच्यावर केले तो गिऱ्हाईक दुकान सोडून गेला. तेवढ्यासाठीच तर केले होते.'

मला ते पटलं. कर्ज पुरतं फिटलं की आम्ही कागदावर 'खाते बंद' असा शिक्का मारतो, आणि तो कागद पुन्हा कोणी वाचत नाही. वाचायची गरज पडत नाही, यातच त्याचं सार्थक असतं.

एक खातं मात्र सरकारला बंद करता आलं नाही. साप्ताहिक बंद पाडता येतं, पुस्तक जप्त करता येतं, संपादकाला आत टाकता येतं. पण लोकांनी त्या साप्ताहिकाचं नाव उचलून संपादकाच्या नावाआधी लावलं, 'काळकर्ते परांजपे'. आणि ते काढून घेण्याचं कोणतंही कलम दंडसंहितेत नव्हतं. 'काळ' चालला बारा वर्षं. हे विशेषण शंभराहून अधिक वर्षं चालू आहे, आणि तेही बिनव्याजी.